उमेदवारी अर्ज फेटाळला गेल्यास उच्च न्यायालय काय करू शकते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की छाननीच्या दिवशी अर्ज बाद झालेले उमेदवार वकिलांकडे धाव घेतात आणि बहुतेकांची पहिली अपेक्षा असते, ती उच्च न्यायालयाने तातडीने आपले नाव मतदानयंत्रावर आणण्याचा आदेश द्यावा, ही. ही अपेक्षा सहसा पूर्ण होत नाही. ती का होत नाही, केव्हा होऊ शकते आणि त्याऐवजी कोणता मार्ग उरतो, हे पुढील प्रश्नोत्तरांत मांडले आहे. मुख्य विवेचन लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांविषयी आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियम वेगळे असल्यामुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

छाननीत अर्ज बाद झाला. मतदानापूर्वी उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येईल का?

रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचा थेट आदेश मागणारी याचिका, दाखल करण्यापासून कोणी अडवत नाही, पण ती टिकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२९ च्या खंड (ख) नुसार संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीला केवळ निवडणूक याचिकेद्वारेच आव्हान देता येते, आणि हा अनुच्छेद ‘या संविधानात काहीही असले तरी’ अशा शब्दांनी सुरू होत असल्यामुळे असे आदेश देण्याचे उच्च न्यायालयाचे अनुच्छेद २२६ खालचे व्यापक अधिकारही त्यापुढे थांबतात.

या तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या धामधुमीतच स्पष्ट केला. तत्कालीन मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघातून विधानसभेसाठी एन. पी. पोन्नुस्वामी यांनी भरलेला अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेटाळला. ते मद्रास उच्च न्यायालयात गेले, तेथे अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर याचिका फेटाळली गेली आणि जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ‘निवडणूक’ म्हणजे केवळ मतदानाचा दिवस नव्हे, तर अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंतची सारी प्रक्रिया, हे त्या निकालाचे सार आहे. अर्जाची छाननी या प्रक्रियेचाच टप्पा असल्यामुळे तिच्यावरचा आक्षेपही निवडणूक संपल्यानंतर, याचिकेच्या रूपानेच घ्यावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर न्यायालयाचे दार ठोठावता आले, तर ठरल्या मुदतीत कोणतेही सभागृह अस्तित्वात येणार नाही, हा यामागचा विचार आहे आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ तो टिकून आहे.

म्हणजे निवडणूक संपेपर्यंत उच्च न्यायालय काहीच करू शकत नाही का?

तसे नाही. भारत निर्वाचन आयोग विरुद्ध अशोक कुमार या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केला. ज्या आदेशामुळे निवडणूक अडेल, लांबेल किंवा रेंगाळेल, तो देता येत नाही. पण जो आदेश निवडणुकीची वाट सुकर करतो, अधिकाऱ्यांना कायद्याने नेमून दिलेले काम करायला लावतो किंवा पुढे नष्ट होण्याची शक्यता असलेला पुरावा जपतो, तो देता येतो. त्यातही न्यायालयाने हात आखडता ठेवावा, असे त्या निकालात बजावले आहे. म्हणूनच अर्ज बाद झालेल्या उमेदवाराने छाननीच्या वेळचे चित्रीकरण आणि मूळ कागदपत्रे जपून ठेवण्याची विनंती केली, तर ती मान्य होण्याची शक्यता ‘माझा अर्ज वैध ठरवा’ या विनंतीपेक्षा कितीतरी अधिक असते. अनेक याचिकांत मात्र हीच साधी विनंती विसरली जाते.

अधिसूचना निघण्यापूर्वीचा काळ तुलनेने मोकळा आहे. गोव्यातील नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणात महिला, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय यांच्या जागांबाबत कायदा पाळला गेला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यात हस्तक्षेप केला आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला.

याहून ठळक उदाहरण लडाखचे आहे. कारगिलच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेच्या निवडणुकीत जम्मू अँड काश्मीर नॅशनल कॉन्फरन्स या पक्षाला त्याचे नांगर हे चिन्ह देण्यास प्रशासन तयार नव्हते. उच्च न्यायालयाने पक्षाच्या बाजूने आदेश दिला. तो पाळण्याऐवजी प्रशासन अपिलात गेले आणि दरम्यान निवडणुकीची प्रक्रिया पुढे सरकत राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये, मतदान अवघ्या काही दिवसांवर आलेले असताना, सर्वोच्च न्यायालयाने प्रशासनाचे अपील फेटाळले, निवडणुकीची अधिसूचनाच रद्द केली, सात दिवसांत नवी अधिसूचना काढण्यास सांगितले आणि प्रशासनाला एक लाख रुपयांचा खर्च भरायला लावला. निवडणूक सुरू झाली एवढ्याच सबबीवर प्रशासनाला स्वतःचा बेकायदेशीरपणा झाकता येत नाही, हा त्यातला महत्त्वाचा धडा. मात्र या प्रकरणात पक्ष वेळेत न्यायालयात गेला होता आणि हक्कही स्पष्ट होता, हे लक्षात घ्यायला हवे. प्रत्येक बाद अर्जाला हा निकाल लागू पडत नाही.

निवडणूक निर्णय अधिकारी कोणत्या कारणांवरून अर्ज फेटाळू शकतो?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३६ मध्ये ही कारणे मोजकी आहेत. छाननीच्या दिवशी उमेदवार पात्र नसणे किंवा अपात्र असणे, कलम ३३ किंवा ३४ मधील अटी पाळल्या न जाणे, आणि उमेदवाराची किंवा सूचकाची (उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्या मतदाराची) सही खरी नसणे. अधिकाऱ्याला उमेदवार पसंत नसणे, अर्ज उशिरा वाचला जाणे किंवा कार्यालयात गर्दी असणे यांपैकी काहीही या यादीत बसत नाही.

कलम ३३ आणि ३४ मधील अटींवरच बहुतेक अर्ज अडतात, म्हणून त्या नीट पाहाव्यात. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत उमेदवाराने स्वतः किंवा सूचकाने सादर करावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातील एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. अनामत रक्कम लोकसभेसाठी २५,००० रुपये आणि विधानसभेसाठी १०,००० रुपये आहे, तर अनुसूचित जाती आणि जमातीच्या उमेदवारांना ती निम्मी भरावी लागते. एका मतदारसंघात एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. ही सवलत नीट वापरली जात नाही, असे दिसते: एकाच सूचकाच्या सह्यांनिशी चार अर्ज भरले आणि त्या सूचकाच्या नावातच घोळ निघाला, तर चारही अर्ज एकदमच बाद होतात.

पक्षाच्या उमेदवारांसाठी खरा धोका एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून दिलेल्या पत्राचा, असतो. हा फॉर्म अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत पोहोचला नाही, तर उमेदवार त्या पक्षाचा मानला जात नाही. अशा वेळी त्याच्या अर्जावर एकच सूचक असेल, तर अपक्ष म्हणूनही तो अर्ज टिकत नाही. दहा सूचकांच्या सह्यांचा आणखी एक अर्ज जोडून ठेवला, तर निदान अपक्ष म्हणून तरी नाव यादीत राहते.

दुसऱ्या बाजूला, कलम ३६ चे पोटकलम (४) अधिकाऱ्याला स्पष्ट बजावते की जो दोष महत्त्वाच्या स्वरूपाचा नाही, त्यासाठी अर्ज फेटाळू नये. नावाच्या स्पेलिंगमधील फरक किंवा मतदारयादीतील क्रमांकाची किरकोळ चूक यांसाठी अर्ज बाद करणे कायद्याला मान्य नाही. कोणी आक्षेप घेतल्यास उमेदवाराला उत्तर देण्यासाठी वेळ मागता येतो. छाननीच्या तारखेनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंतची मुदत देण्याची तरतूद पोटकलम (५) मध्ये आहे. अर्ज फेटाळताना अधिकाऱ्याने थोडक्यात कारणे नोंदवलीच पाहिजेत, असे पोटकलम (६) सांगते. छाननीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या प्रतिनिधीला ही तीन पोटकलमे तोंडपाठ असावीत, कारण त्या वेळी जे लेखी मागितले जाते आणि नोंदवले जाते, त्यावरच पुढची याचिका उभी राहते.

शपथपत्रात रकाने कोरे राहिले, तर अर्ज बाद होतो का?

होऊ शकतो. उमेदवारावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती मतदाराला मिळाली पाहिजे, ही भूमिका प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाने २००० मध्ये घेतली आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नमुना २६ मधील आजचे शपथपत्र त्यातूनच आले आहे. २०१३ मध्ये ‘रिसर्जन्स इंडिया’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कोरे रकाने असलेले शपथपत्र म्हणजे माहितीच न देणे होय. अधिकाऱ्याने आधी उमेदवाराला रकाने भरण्याची आठवण करून द्यावी. तरीही ते भरले नाहीत, तर अर्ज फेटाळता येतो. ज्या ठिकाणी सांगण्यासारखे काही नसेल, तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे.

माहिती खोटी असल्याचा आरोप मात्र वेगळा. त्याची चौकशी छाननीच्या वेळी होत नाही. ते काम निवडणूक याचिकेचे आहे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत अंबरनाथमधून निवडून आलेले किसन कथोरे यांनी पत्नीच्या मालमत्तेसह काही मालमत्तेची माहिती शपथपत्रात दिली नव्हती, या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्यांची निवड रद्द केली आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. उलट, अरुणाचल प्रदेशातील तेजू मतदारसंघाच्या प्रकरणात गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केलेली निवड सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये वैध ठरवली. उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करण्याची गरज नाही, वस्तूचे मूल्य मोठे असेल किंवा तिच्यावरून त्याच्या राहणीमानाचा अंदाज येत असेल तरच ती महत्त्वाची, असे त्या निकालात म्हटले आहे.

निवडणूक याचिका कोण दाखल करू शकतो आणि किती दिवसांत?

त्या निवडणुकीतील कोणताही उमेदवार किंवा त्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेला कोणताही मतदार. निकालाच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत ती संबंधित उच्च न्यायालयात दाखल झाली पाहिजे आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. पूर्वी या याचिका निवडणूक न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीनंतर त्या उच्च न्यायालयांकडे आल्या. सोबत २,००० रुपयांची सुरक्षा ठेव भरावी लागते आणि ती भरली नाही, तर न्यायालयाला याचिका फेटाळावीच लागते.

अर्ज बाद झालेली व्यक्ती ‘उमेदवार’ ठरते का, हा इथला नाजूक मुद्दा आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार रीतसर नामनिर्देशन झाले असल्याचा दावा करणारी व्यक्तीही उमेदवार असते. पण नुसता दावा पुरत नाही. २०१९ मध्ये वाराणसीतून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या विरोधात अर्ज भरलेले, सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेज बहादूर यांचा अर्ज बाद झाला होता. भ्रष्टाचार किंवा देशाशी निष्ठा न राखणे यांसाठी बडतर्फी झालेली नाही, असे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र त्यांनी जोडले नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले: ते वाराणसीचे मतदार नव्हते, आणि आवश्यक प्रमाणपत्राशिवाय भरलेल्या अर्जाच्या आधारे रीतसर नामनिर्देशनाचा दावाही करता येत नव्हता. अशा प्रसंगी त्या मतदारसंघातील एखाद्या मतदाराला याचिकाकर्ता करणे अधिक सुरक्षित ठरते.

अर्ज चुकीने फेटाळला, हे सिद्ध झाले तर काय होते?

निवडून आलेल्या उमेदवाराची निवड रद्द होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १०० मध्ये याबाबत दोन वेगळे निकष आहेत. अर्ज चुकीने फेटाळला गेला असेल, तर निकालावर परिणाम झाला की नाही, हे सिद्ध करावे लागत नाही. जो मैदानात उतरलाच नाही, त्याला किती मते पडली असती, हे कोण सांगणार? अर्ज चुकीने स्वीकारला गेला असेल, तर मात्र निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाल्याचे दाखवावे लागते. अपवाद फक्त विजयी उमेदवाराचाच अर्ज चुकीने स्वीकारला गेल्याचा. मणिपूरमधील मोइरांग मतदारसंघाच्या प्रकरणात, खोट्या शैक्षणिक पात्रतेवरून, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले.

अर्ज बाद झालेल्याला थेट विजयी घोषित केले जात नाही. जागा रिकामी होते आणि मुदतीत पुरेसा काळ उरला असेल, तर पोटनिवडणूक होते. शिवाय याचिकेत अधिकाऱ्याने लिहिलेले कारण चुकीचे होते, एवढे दाखवणे पुरत नाही. वेलुस्वामी थेवर प्रकरणात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवार अन्य कोणत्या कारणाने अपात्र होता का, हेही प्रतिवादी याचिकेत पुढे आणू शकतो. म्हणजे अधिकाऱ्याची चूक झाली असली, तरी अर्ज अन्यथा टिकणारा होता, हे याचिकाकर्त्याला दाखवता आले पाहिजे.

निकाल लागायला किती काळ लागतो?

कायदा म्हणतो, याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात अंबरनाथच्या प्रकरणात २००४ च्या निवडणुकीचा उच्च न्यायालयातील निकाल २००७ मध्ये आणि अंतिम निकाल २०१४ मध्ये लागला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षे होत आली होती. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध ३० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते आणि त्यात स्थगिती मिळाली, तर सदस्य सभागृहात बसत राहतो.

या लेखकाच्या मते, पोन्नुस्वामी निकालातील तत्त्व चुकीचे नाही; पण त्या तत्त्वाची दुसरी बाजू म्हणजे निवडणुकीनंतर मिळणारा तत्पर न्याय, आणि ती बाजू कधीच पाळली गेली नाही. ‘आता नाही, नंतर या’ असे सांगणाऱ्या व्यवस्थेने ‘नंतर’ म्हणजे केव्हा, हेही बांधून द्यायला हवे. सहा महिन्यांची तरतूद बंधनकारक करणे आणि अर्ज फेटाळण्याच्या याचिका प्राधान्याने ऐकणे, एवढे केले तरी बराच फरक पडेल. या याचिकांत पुरावा बहुधा कागदोपत्रीच असतो, त्यामुळे त्या लांबण्याचे सबळ कारण दिसत नाही.

शिक्षा झालेल्या किंवा तुरुंगात असलेल्या व्यक्तीला निवडणूक लढवता येते का?

दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सहसा अपात्रता लागू होते आणि सुटकेनंतर सहा वर्षे राहते. पण अपील न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, तर ती अपात्रता थांबते. रविकांत पाटील यांच्या दोषसिद्धीला मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्थगिती दिली आणि ते कर्नाटकातील इंडी मतदारसंघातून निवडून आले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली असली, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध मानली. हार्दिक पटेल यांना गुजरात उच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये अशी स्थगिती नाकारली आणि त्यांना त्या वर्षीची लोकसभा निवडणूक लढवता आली नाही. उमेदवारी मिळवून देण्याची उच्च न्यायालयाची सर्वांत परिणामकारक शक्ती खरे तर इथे, फौजदारी अपिलात आहे, निवडणुकीच्या याचिकेत नव्हे. स्थगिती छाननीपूर्वी हाती असावी लागते.

केवळ अटकेत असणे अडसर ठरत नाही. कोठडीतील व्यक्तीला मतदान करता येत नाही, म्हणून ती मतदार नाही आणि म्हणून उमेदवारही होऊ शकत नाही, असे पाटणा उच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ते मान्य केले. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून तो निकाल निष्प्रभ केला. २०२४ मध्ये बारामुल्ला आणि खडूर साहिब येथून तुरुंगातील उमेदवार लोकसभेवर निवडून आले.

नगर परिषद, जिल्हा परिषद यांच्या निवडणुकीत काय वेगळे आहे?

संविधानाच्या अनुच्छेद २४३-ण आणि २४३-यछ मध्ये पंचायती आणि नगरपालिकांसाठी तसाच अडसर आहे, पण याचिका राज्याच्या कायद्यात नमूद केलेल्या न्यायाधीशापुढे जाते. महाराष्ट्रातील नगर परिषद निवडणुकांत, शिवाय, छाननीच्या निर्णयाविरुद्ध मतदानापूर्वीच जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. राज्य निवडणूक आयोगाच्या कार्यक्रमात ‘अपील नसेल तेथे’ आणि ‘अपील असेल तेथे’ अशा माघारीच्या दोन तारखा दिसतात, त्या यामुळेच.

लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराला नसलेली ही सोय मोलाची आहे, पण तिची किंमतही आहे. २०२५ च्या नगर परिषद निवडणुकांत अपिलांचे निकाल उशिरा लागल्यामुळे काही ठिकाणचे मतदान २ डिसेंबरऐवजी २० डिसेंबरला घ्यावे लागले. आधीच्या निकालांचा नंतरच्या मतदानावर परिणाम होऊ नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वच ठिकाणची मतमोजणी २१ डिसेंबरला ठेवण्यास सांगितले. निवडणूक न थांबवता तिचे पावित्र्य राखणारा आदेश कसा असतो, याचा तो नमुना म्हणता येईल.

अर्ज बाद झाल्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली, तर?

एप्रिल २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत, असे सांगितल्यावर त्याचा अर्ज फेटाळला गेला, उरलेल्या उमेदवारांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानाविना विजयी घोषित झाले. अशा वेळीही मार्ग निवडणूक याचिकेचाच आहे. एकही मत पडलेले नसले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण झालेली निवडणूक असते.

अर्ज फेटाळला गेल्यावर अनामत रक्कम परत मिळते का?

होय. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास अनामत जप्त होते, हा नियम प्रत्यक्ष निवडणूक लढवणाऱ्यांसाठी आहे. ज्याचे नाव अंतिम यादीतच नाही, त्याला ती परत केली जाते. ती स्वीकारल्यामुळे याचिकेचा हक्क जात नाही. मात्र फेटाळणीच्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी, कारण ४५ दिवसांची मुदत ती प्रत हाती येण्याची वाट पाहत थांबत नाही.